फुटक्या काचेमागचा निरोप

मित्रांनो, मी एक जुना टर्मिनल, म्हणजे संगणकाला जोडलेला पडदा आणि कळफलक, आहे. जपानमधल्या सानरिकुच्या किनाऱ्यावर, मच्छीमार संस्थेच्या गोदामात, कुजक्या जाळ्यांखाली मी पडून आहे. माझ्या काचेच्या जागी आता काळे भगदाड आहे. ते कसे पडले, तेच मला सांगायचे आहे.

ओसाकाजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या पोटात तारा खुपसल्या गेल्या, तापलेल्या कथलाचे चटके बसले. पण काच उजळून तिच्यावर पहिले हिरवे अक्षर उमटले, तेव्हा साऱ्या वेदनांचे चीज झाले.

संस्थेच्या कचेरीतला एकमेव पडदा मीच. समोरच्या बेटावर बिनतारी केंद्र होते. तिथून समुद्राखालच्या तारेने बोटींचे निरोप माझ्यापर्यंत येत. बेटाची जपानी अक्षरे लिहिण्याची पद्धत वेगळी, माझी वेगळी. म्हणून शेजारचा संगणक मध्ये बसून त्यांचे रूपांतर करी. जपानी मजकुराआधी बेटावरून 'एस्केप' नावाचे एक न दिसणारे चिन्ह येई. 'आता आपली अक्षरे येत आहेत,' एवढेच ते सांगे. ते हरवले, की तोच मजकूर इंग्रजी अक्षरांचा चिखल होऊन पडद्यावर सांडे. याच चिन्हाने सुरू होणाऱ्या दुसऱ्या एका आज्ञेने माझा अख्खा पडदा पुसलाही जाई.

मला चालवणाऱ्या तोमिएबाई माझ्यावर साचलेले मीठ ओल्या फडक्याने हळुवार टिपत. संस्थेचे प्रमुख सासामोरी यांचा हात मात्र जड. अक्षर बिघडले, की माझ्या डोक्यात दणका बसे.

एका हिवाळी सकाळी वादळ उठले. सासामोरींचा धाकटा भाऊ ताकेजी याची बोट बाहेर होती. नेमका हवामानाचा एक निरोप कुणी वाचण्याआधीच पुसला गेला. सासामोरींनी संगणक सांभाळणाऱ्या ओगुरोंची गचांडी धरून त्यांना भिंतीवर आपटले.

"पुन्हा पडदा पुसला गेला ना, तर बर्फात गाडीन तुला!"

नाकातले रक्त पुशीत ओगुरोंनी संगणकात एक गाळणी बसवली. येणारा प्रत्येक एस्केप ती गाळून टाकणार होती. ती बसवायला हवी होती रूपांतरानंतर. घाईत त्यांनी ती आधीच बसवली, त्यामुळे जपानी अक्षरांची सूचना देणारा एस्केपही गळणार होता.

दुपारी टेलिफोनच्या तारा तुटल्या. लाटा धक्क्यावरच्या गाड्या उचलून गोदामांवर भिरकावू लागल्या. तेवढ्यात माझी घंटी वाजली. ताकेजीच्या बोटीचा निरोप होता. पण पडद्यावर उमटली डॉलरची खूण, टक्के आणि विस्कटलेली इंग्रजी अक्षरे.

"हे काय आहे?" सासामोरी गरजले.

"एस्केप गळालाय, ओगुरोसानच्या त्या गाळणीत," तोमिएबाई टंकता टंकताच म्हणाल्या. "जपानीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहून पाठवा म्हणून बेटाला कळवलंय. त्यात गळण्यासारखं काही नाही. जरा धीर धरा."

"धीर? तिकडे माझा भाऊ खारं पाणी पितोय, नि हा डबा मला वाकुल्या दाखवतोय!"

"डबा फोडलात तर उत्तर काय तुमच्या तोंडावर वाचू? हात खाली घ्या आधी!"

सासामोरींनी मासे ओढायचा लोखंडी आकडा उचलला. तोमिएबाई आडव्या आल्या. दांड्याने त्यांची भुवई फाटली. दुसरा घाव माझ्यावर पडला. काच आतल्या आत कोसळली, तिचे तुकडे उसळून भिंतींत रुतले, आणि माझा हिरवा उजेड कायमचा विझला.

"बोट काढा!" सासामोरी ओरडले आणि दोघा सोबत्यांना घेऊन धक्क्याकडे धावले.

मित्रांनो, माझा चेहरा गेला होता. कान आणि स्मरण शाबूत होते. लगेचच उत्तर आले. 'बेटाच्या आडोशाला आहोत. सगळे सुखरूप. कुणीही बाहेर पडू नका.' एकही अक्षर गळाले नव्हते. ते दाखवायला मात्र माझ्याकडे जागाच नव्हती. मी घंटी वाजवली. बेटावरून पुन्हा पुन्हा तोच निरोप येत राहिला, आणि मी घंटी वाजवीत राहिलो.

ती ऐकून तोमिएबाई रक्ताळलेल्या चेहऱ्याने बाहेर धावल्या. फुटक्या खिडकीतून त्यांचा आवाज येत होता.

"सासामोरीसान, उत्तर आलंय! थांबा!"

"काय म्हणतोय?"



"वाचता येत नाही. पण आलंय हो!"

"मग तू बस वाचत!"

बंदराच्या तोंडाशीच लाटेने ती बोट उभी केली, उलटवली आणि खडकांवर चिरडली. तिघांपैकी कुणीही परतले नाही.

वादळ शमल्यावर ताकेजी स्वतःच्या पायांनी कचेरीत आला.

"दादा कुठाय? मी कळवलं होतं की."

तोमिएबाईंनी माझ्या फुटक्या काचेकडे बोट दाखवले. नंतर मला इथे आणून टाकले.

मित्रांनो, मला दुरुस्त करा असे मी म्हणणार नाही. पण समोरच्याचे बोलणे उमगले नाही, तर हात उगारण्याआधी त्याला पुन्हा, साध्या शब्दांत सांगायला सांगा. आणि त्याचे उत्तर येईपर्यंत त्याचा चेहरा शाबूत राहू द्या.