इन्व्हिडिअसचं पान

मी एक जुना, जाडजूड, पुठ्ठा खिळखिळा झालेला इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. बोरिवलीच्या शाळेत पंधरा वर्षं काढली मी! पण नववीतल्या नेत्रा आणि तेजलइतकं मला कुणीच डोक्यावर घेतलं नाही, मित्रांनो. शब्दस्पर्धेला दोघींपैकी एकच जाणार होती. म्हणून मी तीन दिवस नेत्राकडे, तीन दिवस खाडीपलीकडे गोराईला तेजलकडे. नियम एकच: मला घेताना पानं तपासून सही करायची. मग फाटलं तर जबाबदारी सही करणारीची.

बुधवारी चेतनाबाई भर वर्गात म्हणाल्या, "नेत्रा, तेजल बघ! बोटीने येते, घरी मासळी निवडते, तरी तुझ्यापुढे. तू शाळेसमोर राहून काय दिवे लावतेस?"

वर्ग खी-खी हसला.

अशा बोलण्यासाठी माझ्यात शब्द आहे, इन्व्हिडिअस. जे अन्यायाचं वाटतं आणि मनात कडवटपणा पेरतं, ते. तुलनेला तो हमखास लावतात. दोघींतून एकीला निवडायच्या कामालाही लावतात, कारण एक दुखावणारच.

शनिवारी निवड चाचणी व्हायची होती, 'आय'च्या शब्दांवर. त्याच संध्याकाळी नेत्रा घरी त्या शब्दापाशी थांबली. मला वाटलं, रडेल. तिने टर्रकन पानच फाडलं! जिने मला हौसेने कव्हर घातलं होतं, तिने!

गुरुवारी ग्रंथालयातले दशरथकाका तेजलला म्हणाले, "तपासून घे गं."

"नेत्राकडून घेतेय काका, तपासायचं काय त्यात?" तेजलने झटक्यात सही ठोकली. नेत्रा स्वतःच्या बुटांकडे बघत राहिली.

शनिवारी बाईंनी मला उघडलं. पान गायब, सही तेजलची.

"शप्पथ बाई, मी नाही फाडलं! घरी बघितलं तेव्हा नव्हतंच. नेत्रा, तू तरी सांग ना गं!"

"मला काय माहीत?" नेत्रा म्हणाली.

मला तोंड असतं ना, तर ओरडलो असतो! बाईंनी स्पर्धेसाठी तेजलचं नाव कापलं. नेत्राचं लिहिलं.

सोमवारी नेत्रा ग्रंथालयात एकटीच आली. पान टेपने चिकटवलं आणि हळूच पुटपुटली, "सॉरी हं."

मला म्हणाली! मला! तेजल पलीकडच्याच वर्गात बसली होती.

मित्रांनो, आम्हां पुस्तकांना जपा, कव्हरं घाला. पण चुकून, रागाने फाडलंतच, तर आधी टेप शोधू नका. उठा, बाईंसमोर जा आणि नाव सांगा. स्वतःचं.