दाजींची मिटलेली प्रतिक्रिया

भाई गेल्याची बातमी शर्मिलानेच त्यांच्या संकेतस्थळावर टाकली होती. मालवणी माणसांच्या गप्पांची ती जागा. निवृत्तीनंतर तारकर्लीच्या घरातून भाई रोज सकाळी तिथे हजेरी लावत.

पुढच्या आठवड्यात तिने वडिलांचा कॉम्प्युटर उघडला. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागली होती, प्रत्येकीला पसंतीची भरपूर ‘अधिक’ मतं. एकच प्रतिक्रिया मिटलेली होती. भांडणं कमी व्हावीत म्हणून मतांची ही सोय आली होती. नापसंतीची ‘उणे’ मतं साचली की मजकूर मिटायचा, वाचायचा तर मुद्दाम उघडावा लागायचा. भांडणं कमी झाली, बोलणंही.

तिने ती उघडली. ओरोसच्या दाजींची होती.

“मेल्या, माका न सांगता खंय गेलस? आता माझ्या लसणीक नावां कोण ठेवतलो?”

खाली मुंबईच्या दिव्याने सुनावलं होतं, “गेलेल्या माणसाला मेल्या म्हणता?” आणि संकेतस्थळाच्या संचालकाने लिहिलं होतं, “घरच्यांची हरकत असल्यास दाजींचं सदस्यत्व रद्द करू.”

दाजी आणि भाई कधी भेटले नव्हते. सोलकढीत लसूण घालावी की नाही, यावरून मात्र वर्षानुवर्षं जुंपलेली. भाईंच्या मते लसूण पडली की ते औषध. एखाद्या दिवशी दाजींनी ‘मेल्या’ म्हटलं नाही तर भाई अस्वस्थ व्हायचे. “बरो आसा मां गो तो?” म्हणून शर्मिलालाच विचारायचे.

बाकीच्या श्रद्धांजली कोणाच्याही वडिलांना चालल्या असत्या.

तिने दाजींना अधिक मत दिलं आणि लिहिलं, “हरकत नाही. आमच्याकडे परक्याला कोणी मेल्या म्हणत नाही. दाजीकाकांचं लसणीचं मत मात्र साफ चुकीचं आहे. यापुढे भाईंच्या वतीने मी भांडेन.”

दुपारी पाहिलं तर प्रतिक्रिया उघडी झाली होती. दिव्याने लिहिलं होतं, “मला अजून पटलेलं नाही. पण उणं मत काढून घेतलंय. वाचू दे सगळ्यांना.”

त्याखाली दाजी. “चेडवा, बापाशीची जीभ तुकाच गावली. एक पाकळी घालून बघ तरी.”

शर्मिलाला हसू आलं. “घालूचंय नाय, दाजीकाका,” तिने लिहिलं. मग नीट खुर्ची ओढून बसली आणि कारणं लिहायला घेतली. आतून आईने हाक मारली तेव्हा म्हणाली, “तू जेवून घे गो. माका वेळ लागतलो.”