गूळ पोटात जातो

“आधी गूळ खा, मग फवार,” म्हणत किशोर ठेकेदाराने मोहिनीच्या हातावर खडा ठेवला. भागीबाईने तो लेकीच्या हातातून उचलून स्वतःच्या तोंडात टाकला.

“ती फवारणार नाय.”

गंगापूर रोडवरच्या नव्या इमारतीच्या काचांवर भागीबाई नॅनो कोटिंग फवारायची. ते वाळलं की काच म्हणे आपली आपण साफ राहते. उन्हात मळ सुटतो, पावसात धुऊन जातो. माणसाच्या छातीला ही सोय नाही, म्हणून गूळ. धूळ असेल तिथे गूळ खायचा, हे भागीबाईला पेठच्या डोंगरातून उतरल्यापासून ठाऊक होतं आणि तिचा त्यावर पुरता विश्वासही होता.

मग माघात भाचीचं लग्न निघालं. भागीबाई धवलेरी. तिच्या गाण्याशिवाय वारल्यांत लग्न लागत नाही. ऐन गाण्यात खोकल्याने तिचा दम तुटला नि मांडव गप्प झाला. मागून मोहिनीने गाणं उचललं आणि शेवटाला नेलं. भागीबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गाणं लेकीच्या गळ्यात उतरलंय, या आनंदाने तिचे डोळेही भरले.

काल कंपनीच्या स्नेहल मॅडम काम बघायला आल्या, तेव्हा भागीबाईने धीर करून खोकल्याचं विचारलं.

“खोकला कशाचा ते डॉक्टरच सांगतील, मावशी. पण फवारताना जे बारीक उडतं, ते खोल फुप्फुसात जातं. पुढे काय करतं, ते अजून कुणालाच पुरतं कळलेलं नाही. चांगला मास्क हवाच.”

“आन् गूळ?”

“गूळ पोटात जातो, मावशी.”

आज भागीबाईचं ‘नाय’ ऐकून किशोर तापला. “ती फवारणार नसेल, तर दुसरी माणसं बघतो.”

“बघ. तवर गाडीतला मास्क आण.”

तो मास्क फक्त कंपनीला दाखवायच्या फोटोपुरता बाहेर यायचा. काम सोमवारपर्यंत पुरं करून द्यायचं होतं. किशोर पुटपुटत गेला आणि घेऊन आला.

“आये, मी काय करू?” मोहिनीने विचारलं.

“तू तिकडं लांब, पल्याडच्या काचा धू.”

भागीबाई मास्क बांधून परांचीवर चढली. पलीकडे काचा धुता धुता मोहिनी लग्नाचं गाणं गुणगुणू लागली. मास्कच्या आत भागीबाईचे ओठ हलले. दम तुटला होता ती ओळ आली. भागीबाई थांबली.

मोहिनी ती ओळ म्हणून पुढे गेली.