दहा मोजेपर्यंत

रंगारीणबाईंनी काचपट्टीवर स्पिरिट ओतलं आणि मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. दहा म्हणताक्षणी काच नळाखाली धरली.

जखमेच्या मांसात कोणत्या जातीचे जंतू आहेत, हे त्या रंगांवरून ओळखत. आधी सगळ्यांना जांभळा रंग द्यायचा, मग स्पिरिटनं धुवायचं. एक जात जांभळा रंग धरून ठेवते. दुसरी सोडते, तिला मग गुलाबी चढवायचा. दोघींची औषधं वेगळी. पण स्पिरिट जास्त वेळ राहिलं, की जांभळेही रंग सोडतात आणि गुलाबी होऊन बसतात. बावीस वर्षं या कामात बोटं रंगली, म्हणून दवाखान्यानं त्यांना 'रंगारीणबाई' हे नाव चिकटवलं होतं.

सूक्ष्मदर्शकाखाली जांभळे दाणे दिसले, माळेत ओवल्यासारखे. बाईंनी काचेवरचा नंबर पुन्हा वाचला. हा तुकडा सकाळी कापलेल्या पायाचा होता, आणि सोमवारी याच पायाच्या जखमेचा रिपोर्ट त्यांनी गुलाबी म्हणून दिला होता.

सोमवारी काचेवर स्पिरिट असताना खिडकीशी एक बाई आली होती. "ताई, आमच्या ह्यांचा पाय वाचेल ना हो?" 'डॉक्टरांना विचारा' म्हणून मोकळं व्हायचं, ही इथली रीत. पण तिचा चेहरा बघवेना. "वाचेल, मावशी. वेळेत आणलंत," असं म्हणून त्या तिचं ऐकत राहिल्या. खिळा कसा घुसला, ताप कसा चढला. किती मोजून झालं होतं कोण जाणे. गुलाबी दिसलं, गुलाबी लिहिलं. औषधही त्याचंच सुरू झालं. दाण्यांची अशी माळ बहुधा जांभळ्यांचीच असते, ती बघून तरी शंका यायला हवी होती. जंतू वाढवून खात्री करायला दोन दिवस लागतात. पायाला तेवढा दम नव्हता.

बाईंनी मोठ्या डॉक्टरांना बोलावून सगळं सांगितलं. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, मग बाईंकडे.

"जुना रिपोर्ट कोण उकरून काढतंय? पाय तसाही गेला असता."

"नक्की?"

"नक्की कोण सांगणार?" म्हणत ते निघून गेले.

काम अंगवळणी पडलं होतं, तेच नडलं. बाईंना स्वतःची शिसारी आली.

खिडकीवर टकटक झाली. तीच बाई.

"ताई, ह्यांना शुद्ध आली. म्हटलं, तुम्हाला सांगून यावं. अख्ख्या दवाखान्यात तुम्ही एकट्या माझ्याशी माणसासारखं बोललात. बाकी सगळ्यांचं नुसतं थांबा, थांबा."

बाई खिडकीजवळ आल्या.

"मावशी, त्या दिवशी मी तुमच्याशी बोलत राहिले, म्हणून..."

"म्हणूनच तर धीर आला मला." तिनं खिडकीतून हात घालून बाईंचं मनगट धरलं. "रडताय कशाला? तुमच्या हातात असतं, तर तुम्ही वाचवलाच असता की."

मनगट तसंच तिच्या हातात राहू देऊन बाईंनी दुसऱ्या हातानं शेजारच्या दाराची कडी काढली.

"आत या, मावशी," त्या म्हणाल्या. "आधी बसा."