खंडेनवमीचं पाणी

दसरा झाला की माझ्या दुकानापुढे गाड्यांची रांग लागते. लोकांना वाटतं, याची चांदी आहे. माझं मात्र आदल्या दिवसापासूनच डोकं उठतं. खंडेनवमीला आमच्याकडे अवजारं, यंत्रं, गाड्या सगळं धुऊन पुजतात. पुजा ना, कोण नको म्हणतंय? पण बॉनेट उघडून, मोटर लावून थेट इंजिनावर पाइप सोडायचा, ही कुठली भक्ती? बाप बैलांना असाच धूत होता, म्हणून पोरगा गाडीला धुतो. बैल अंग झाडून मोकळा होतो. गाडीला ते जमत नाही.

मी अमृत. मिरजगावात हायवेला गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. यंदाच्या बाकीच्या गाड्या पुसून, वाळवून पाठवल्या. राहिली ती राधाकृष्णभाऊंची. तिचा ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, पाणी जाऊन कायमचा बसला होता. नवा यायला महिना लागणार होता, आणि तेवढा वेळ भाऊंकडे नव्हता. त्यांच्या बायकोचं, रतनबाईंचं, आठवड्यातून तीनदा नगरला डायलिसिस असतं. एक पाळी शेजाऱ्याच्या गाडीनं निभावली. पुढच्या पाळीला एसटीनं गेल्या, तर येताना स्टँडवरच चक्कर येऊन पडल्या. उद्या सकाळी पुन्हा जायचं होतं.

भंगारातून एक ईसीएम आणून बसवला. स्टार्टर फिरला, पण इंजिन काही उचलेना. मीटरवर किल्लीचा लाल दिवा नुसता लुकलुकत राहिला.

"आता काय झालं?" भाऊंनी विचारलं.

"डबा तुमची किल्ली वळखत न्हाई, भाऊ. ह्याला ह्याचीच किल्ली लागती. डबा, मीटर, कुलपासकट किल्ली, आख्खा सेट पायजे. भंगारवाल्यानं किल्ली कवाच फेकली."

"मग सेट बघ की."

"समद्यांना फोन लावले. कुठंच न्हाई."

फोन खरंच लावले होते. पण सेट माझ्या दुकानामागेच होता. माझा थोरला भाऊ सहादेव, त्याची गाडी. तेच मॉडेल, तेच साल. दादा हार्ट अटॅकनं गेला तेव्हापासून ती शेडमध्ये उभी आहे. वहिनी ती विकू देत नाही की कुणाला हात लावू देत नाही. भाऊंची नजर मागच्या दारातून शेडकडे गेली आणि परत आली. मी पाना पुसत बसलो. खरं सांगतो, मला त्यांचा रागच आला. सरळ मागितली असती तर सरळ नाही तरी म्हणता आलं असतं.

रतनबाई बाकावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. पाय सुजलेले, तोंड उतरलेलं. वहिनी घरातून त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली. त्यांनी ओठ ओले केले आणि तांब्या परत दिला.

"घ्या की आजून."

"न्हाई बाई. डाक्टरनं मोजून सांगितलंय. मला घोटघोट पानी, आन् ह्यांनी गाडीला पाइप लावला."

वहिनीला हसू आलं. मग ते मावळलं. ती कितीतरी वेळ त्यांच्या पायांकडे बघत राहिली. आत जाताना मला म्हणाली, "भावजी, काय आडलंय?"

मी सांगितलं. ती आत गेली. आली ती देवघरातली दादाच्या गाडीची किल्ली घेऊन. किल्लीवर खंडेनवमीच्या पूजेचं हळदकुंकू तसंच होतं.

"ह्यांनी बॉनेटमधी कंदी पानी जाऊ दिलं न्हाई," ती म्हणाली. "मीबी वल्या फडक्यानंच पुसते. डबा चांगला आसंल."

"वहिनी, मीटरबी जाईल."

ती थांबली. का थांबली ते मला ठाऊक होतं. दर खंडेनवमीला ती माझ्याकडून बॅटरी चार्ज करून घेते, पूजा झाली की किल्ली फिरवते, मीटरवरचा किलोमीटरचा आकडा बघते आणि गाडी बंद करते. आकडा दादानं सोडला तिथंच उभा असतो.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "बसवा."

दादाच्या गाडीला पाना लावला. काढता काढता मी रडलो, तेही सांगून टाकतो. सेट भाऊंच्या गाडीत बसवला, कुंकवाची किल्ली फिरवली. लाल दिवा विझला आणि इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. भाऊंनी मला हात जोडले. मी त्यांना वहिनीकडे बोट दाखवलं, पण ती तोवर आत गेली होती.

दुसऱ्या दिवशी नगरहून परतताना भाऊंनी दुकानापुढे गाडी उभी केली. रतनबाई मागे झोपल्या होत्या. वहिनी बाहेर आली, हळूच खिडकीत वाकली. तिनं आधी रतनबाईंकडे बघितलं, मग मीटरकडे. आकडा पुढे सरकला होता.

"लई हिंडाया लागलेत आता," ती म्हणाली.

गाडीबद्दल आमच्याकडे कुणी असं मानानं बोलत नाही. भाऊंनी खाली मान घातली. मी दुकानात जाऊन उगाच एक वायर सोलत बसलो.