मनोऱ्यावरचं घड्याळ

आमच्या ह्यांना बाजारात सगळे चिमटेकाका म्हणतात. वरच्या खिशात सदा चिमटा, डोळ्याला भिंग आणि समोर कुणाचं तरी उघडलेलं मनगटी घड्याळ. सगळा जन्म त्या टेबलाशी मान वाकवून काढला. पण आता लोक फोनवर वेळ बघतात. दुकानात चुकून एखादं गिऱ्हाईक आलं तर तेही पट्टा बदलायला. शेवटी माझ्या दादानं सुचवलं, दुकान बंद करा आणि माझ्या गोदामाच्या दाराशी बसा, येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष ठेवायचं, एवढंच काम. ह्यांनी मुकाट्यानं मान डोलावली. सोमवारपासून जायचं ठरलं. दादा मनाचा चांगला आहे, पण गोदामाच्या दारात खुर्ची टाकून जांभया देणारा माझा नवरा मला डोळ्यांपुढे आणवेना.

त्याच आठवड्यात पालिकेचा इंजिनिअर दुकानात आला. चौकातल्या मनोऱ्यावरचं घड्याळ कधीचं बंद पडलं होतं. ते सांभाळणारे म्हातारे कारागीर वारले होते, आणि आता ते उतरवून विजेवरचं बसवायचं घाटत होतं.

"शनिवारी दुपारी निर्णय होईल," तो म्हणाला. "त्याआधी तुम्ही एकदा बघता का?"

"छे छे," हे भिंग न काढताच म्हणाले. "एवढं मोठं काम मला नाही जमायचं."

माझं डोकंच फिरलं. कुठलंही नवं काम येऊ दे, ह्यांचं उत्तर आधी तयार, प्रश्न मागाहून. "जमेल की," मी मागून म्हणाले. "उद्या सकाळी येतो आम्ही."

इंजिनिअर गेला. जेवताना हे एवढंच म्हणाले, "तुझं आपलं उचलली जीभ, लावली टाळ्याला."

"बरं," मी म्हणाले, "तुम्ही नुसता पाय उचला आणि जिन्यावर ठेवा."

मनोऱ्याचा जिना इतका अरुंद की दोघांना शेजारी चालता येईना. मी मुद्दाम मागे राहिले, मध्येच परत फिरायला वाट मिळू नये म्हणून. वरच्या खोलीचं दार ढकललं आणि फडफड करत कबुतरं बाहेर पडली. धूळ खाली बसली तेव्हा ते यंत्र दिसलं. परातीएवढी चाकं, मनगटाएवढे दांडे, आणि समोर भिंतभर दुधी काचेची तबकडी. मी आनंदानं थेट चाकांपाशीच गेले. हे मात्र दारातच थबकले. मग सवयीनं भिंग डोळ्याला लावलं आणि परातीएवढ्या चाकावर वाकले.

"अहो, ते भिंगाशिवाय दिसतं," मी म्हणाले, आणि हसू आवरेना म्हणून पायरीवर बसले.

त्यांनी भिंग काढलं. यंत्राभोवती एक फेरी मारली, मग दुसरी. "अगं, इकडे ये," ते म्हणाले. "हे बघ. रोज मी चिमट्यात धरतो ना, तेच चाक आहे हे. आणि त्याच्याशेजारी तेच. सगळं ओळखीचं निघालं." लग्नाआधी मला पहिल्यांदा घड्याळ उघडून दाखवलं होतं तेव्हा असा आवाज ऐकला होता. त्यानंतर आजच.

मग काय, आम्ही दोघं त्या खोलीत राहायलाच गेलो म्हणा. डबा तिथे, चहा तिथे. दगडासारखं झालेलं ग्रीस मी रॉकेलनं खरवडायची आणि हे चाकं सोडवायचे. जड दांडा एकट्याला उचलवत नव्हता, तेव्हा एक टोक माझ्या खांद्यावर. ह्यांना घाई झाली की मला "पोरी" म्हणत सुटतात, हे मला तेव्हा कळलं. काट्यांकडे जाणाऱ्या दांड्यावरचं तिरक्या दातांचं चाक झिजलं होतं. ते ह्यांनी लेथवाल्याकडून नवं करवून आणलं, बसवलं आणि दांडा हातानं फिरवून पाहिला.

"काट्यांची सावली कुठे सरकतेय?" त्यांनी विचारलं.

मी दुधी काचेकडे पाहिलं. "उजवीकडे."

"शाब्बास," ते म्हणाले, आणि बोल्ट पिळून टाकला.

शनिवारी दुपारी चौकात ही गर्दी. इंजिनिअर, पालिकेचे साहेब, आमच्या बाजारातली झाडून सगळी मंडळी. ह्यांनी लंबकाला हात लावला. टक्, टक्. खाली टाळ्या पडल्या. मग टाळ्या थांबल्या, आणि जे हसू फुटलं ते थेट वरपर्यंत आलं. पाठोपाठ इंजिनिअरचा फोन.

"वहिनी, घड्याळ उलटं चाललंय."

संपलं, मी मनाशी म्हणाले, आता हे खाली मान घालून उतरणार आणि सोमवारी त्या खुर्चीत जाऊन बसणार. आणि एवढ्या लोकांसमोर हसं झालं ते माझ्या जिभेमुळे. मागच्या बाजूनं पळून जायला वाट आहे का, हेही मी पाहून घेतलं.

हे मात्र तबकडीकडे टक लावून बघत होते. मग कपाळावर हात मारून हसायला लागले. "अगं, आपण आत उभे आहोत. जन्मभर तबकडी समोरून बघितली, ही पाठीमागून बघतोय. बाहेर सगळं उलट दिसणार."

"मग आता?"

"आता काय, चाक दांड्याच्या दुसऱ्या बाजूला घ्यायचं. धर पोरी."

दांडा माझ्या खांद्यावर आला. ह्यांनी बोल्ट सोडला, चाक पलीकडे नेऊन बसवलं, आणि तबकडीशेजारची झडप उघडून चक्क डोकं बाहेर काढलं. गिऱ्हाइकाच्या नजरेला नजर न देणारा माणूस, भर चौकाला विचारतो, "मंडळी, मी फिरवतो. कुठे जातोय काटा ते सांगा. मला आतून दिसत नाही."

"बरोबर चाललाय," खालून एक जण ओरडला. मग दहा जण, मग सगळा चौक. "अजून पुढे, काका. अजून. थोडा मागे. बस, बस." हसायला जमलेली माणसं हातातली घड्याळं आणि फोन बघून ह्यांना वेळ सांगत होती. मला रडू येत होतं आणि मी हसत होते. ह्यांनी लंबक सोडला.

तासाचा काटा तीनवर गेला आणि डोक्यावरची घंटा वाजली. घंटेचा विचार आम्ही दोघांनीही केला नव्हता. खोली थरारली, मी ह्यांना घट्ट धरलं, आणि कानांचे पडदे गेले असं वाटलं.

खाली उतरलो तेव्हा कानांत अजून गुणगुण होती. लोक बोलत होते ते फक्त ओठांवरून कळत होतं. इंजिनिअरनं ह्यांचा हात धरून बराच वेळ हलवला आणि शेजारच्या गावाच्या दिशेनं बोट करून हवेत तसाच मनोरा आणि घड्याळ काढून दाखवलं. ह्यांनी मान डोलावली, माझ्या हातातला फोन घेतला आणि दादाला लावला.

"दादा, सोमवारी मी येत नाही," हे ओरडले. "काय? नीट ऐकू येत नाहीये. नाही, तब्येत बरी आहे. पुढच्या सोमवारी? पुढच्या सोमवारीही नाही. मला काम आहे, दादा, मला खूप काम आहे."

सगळ्या चौकानं ऐकलं. त्यावर दादा पलीकडून काय म्हणाला, ते आम्हाला कुणालाच कळलं नाही.