लंकाबाईनं मागितलेली विद्या

शामकांत पारनेरकर राहुरीच्या हायस्कुलात शास्त्र शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी जादूचे प्रयोग करायचे. पत्ते, दोऱ्या, रिकाम्या डब्यातून निघणारी कबुतरं हे सगळं होतंच. पण लोक जमायचे ते डोळे बांधून चालवलेल्या सायकलीसाठी. डोळ्यांवर कणकेचे गोळे, त्यावर कापूस, वर काळी पट्टी. तशा अवस्थेत मास्तर एसटी स्टँडापासून शाळेच्या पटांगणापर्यंत भर बाजारातून सायकल न्यायचे.

त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत, ऐन दुष्काळात, एका रविवारी त्यांनी पट्टी बांधायला गर्दीतल्या एका बाईला पुढं बोलावलं. तिनं दात आवळून गाठ मारली, तीवर आणखी एक मारली. मास्तर सुखरूप पोचले. टाळ्या पडल्या.

मंगळवारी संध्याकाळी तीच बाई त्यांच्या दारात उभी राहिली. लंकाबाई तिचं नाव. नवरा पुंजाराम आणि ती, दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडत होते. तिच्या हाताला धरून सात वर्षांची मुलगी होती, बनू. पोरीच्या दोन्ही बुबुळांवर पांढरं फूल पडलं होतं.

"दिवाळीत गोवर आल्ता," लंकाबाई म्हणाली. "तवापासून दिसत न्हाई. मास्तर, तुमी डोळ्याबिगर बघता. पट्टी मीच बांधली हुती. हिला तेवढी इद्या द्या."

मास्तरांनी हात जोडले. "अहो बाई, ती हातचलाखी आहे. मला दिसत असतं."

"कसं दिसंल? दोन गाठी मारल्या मी."

अठरा वर्षांत मास्तरांनी ही युक्ती बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. त्या दिवशी त्यांनी आत हाक मारली, "विजया, थोडी कणीक भिजव." मग लंकाबाईला खाली बसवून स्वतःचे डोळे बांधून घेतले आणि सगळं फोडून सांगितलं. पट्टी बांधताना भुवया खाली ओढून धरायच्या. नंतर कपाळ वर ताणलं की नाकाशेजारी फट पडते, तिच्यातून चाकापुढची हातभर जमीन दिसते. बस्स, एवढंच.

"आता तुम्ही करून बघा," म्हणत त्यांनी तिचे डोळे बांधले.

लंकाबाईनं बराच वेळ मान इकडं-तिकडं फिरवली. "मला तं निस्ता अंधार दिसतोय."

"पहिल्यांदा नाही जमत. वर्षभर सराव लागतो."

शब्द तोंडातून गेला आणि मास्तर चपापले. लंकाबाईनं पट्टी काढली. तिचा चेहरा उजळला होता.

"मंग सराव करून घ्या की हिच्याकडून."

त्याच आठवड्यात मास्तर रजा टाकून दोघींना नगरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि मास्तरांना बाजूला घेतलं. "पोटात सत्त्वाचं काही नाही, त्यात गोवर. त्या वेळी लगेच आणली असती तर काही करता आलं असतं. आता डोळे गेलेत."

परतताना एसटीत मास्तरांनी तिला ते सांगितलं. लंकाबाईनं ऐकून घेतलं. "डाक्टरकडं नुसतं औषधच हाय," ती म्हणाली. "मी कुटं त्याच्या भरवशावर आल्ते?"

ती दर मंगळवारी येऊ लागली. दिवसभर खडी फोडून, पोरीला घेऊन, तीन मैल चालत. चौथ्या मंगळवारी मास्तरांनी दार लावून घेतलं, तर ती ओट्यावर बसून राहिली. विजयाबाईंना बघवेना. "अहो, काहीतरी करा. तिचं समाधान तरी होऊ द्या."

मास्तरांनी पट्टी आणली. ज्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं त्यांच्यावर ती बांधली. पोर अगदी ताठ बसली होती.

"काय दिसतंय गं बने?" लंकाबाईनं विचारलं.

पोरीनं आईच्या आवाजाकडं तोंड वळवलं. मग म्हणाली, "तांबडं दिसतंय."

लंकाबाईचं लुगडं खरंच तांबडं होतं. पोरीनं ते आंधळी होण्याआधी शंभरदा पाहिलेलं असणार. पण लंकाबाई रडायलाच लागली. वाकून तिनं मास्तरांच्या पायांवर डोकं ठेवलं. मास्तरांनी तिला उठवलं आणि पोरीची पट्टी सोडली. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं, असं ते पुढं विजयाबाईंना कितीदा तरी म्हणाले.

चैत्रात खडीचं काम संपलं आणि ती माणसं कर्जतकडं दुसऱ्या कामावर गेली. मे महिन्यात एकटा पुंजाराम आला. आत येईना, उंबऱ्यापाशीच बसला.

"मास्तर, पोरीला मी बाभळीची काठी करून दिली. तिची आय ती धरू देत न्हाई. म्हनती, काठीची सवय लागली की इद्या जाईल. पोर रोज पडती. परवा चुलीपाशी हात भाजला. तुमी सांगितलं तं ऐकंल ती."

मास्तर त्याच्याबरोबर गेले. कर्जतपुढच्या माळावर चटयांच्या झोपड्या होत्या. बनू झोपडीबाहेर उभी होती; गुडघे फुटलेले, हाताला चिंधी बांधलेली. लंकाबाई घागर उतरवून लगबगीनं पुढं आली.

"लंकाबाई," मास्तर म्हणाले, "मी तुम्हाला फसवलं. हिला काही दिसत नाही. यापुढं दिसणारही नाही. पोरीला काठी द्या."

लंकाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं, मग मास्तरांकडं. तिला राग आला नव्हता. "ह्यांनी तुमाला बोलायला लावलं, व्हय ना? कळतं मला. बसा, च्या ठेवते." आणि ती आत गेली.

मास्तरांनी कुडाला टेकवलेली काठी उचलली आणि स्वतः बनूच्या हातात दिली. पोरीची बोटं तिच्यावरून वरखाली फिरली. तिनं ती मातीत टेकवली, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. वाटेतला दगड काठीला लागला तशी ती थांबली आणि वळसा घालून पुढं गेली.

आतून बांगड्या वाजल्या. बनूनं काठी पटकन जमिनीवर ठेवली, पायानं दूर सारली आणि मोकळे हात पुढं धरून उभी राहिली.

"आये," ती म्हणाली, "मास्तरांचा सदरा पांढरा हाय ना?"

मास्तरांच्या अंगात निळा सदरा होता. कपबशी घेऊन लंकाबाई दारात आली आणि त्यांच्याकडं बघत राहिली. मास्तर खाली मान घालून म्हणाले, "हो. पांढराच आहे."